बाईंचं चित्र

शोकसभेत लोकांना किंचाळायला लावणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? नसेल, तर चहा ओता आणि माझ्याकडे नीट बघून घ्या. हसाल आता. तेव्हा मला हसू आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं येत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी वसई गावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. नवा होतो, नोकरी कायम व्हायची होती. कायम न झालेला मास्तर म्हणजे सगळ्यांना हो म्हणणारा माणूस. त्यातून मी चित्रकलेचा. गणिताच्या मास्तरला लोक घाबरतात. चित्रकलेच्या मास्तरला गणपतीचं मखर, गॅदरिंगचा पडदा आणि ‘येथे थुंकू नये’ एवढ्यासाठी हाक मारतात.

आमच्या मुख्याध्यापिका राऊत बाई. ठेंगण्या, पांढरं पातळ, बारीक काठ. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की धावणारी पोरं जागच्या जागी चालायला लागायची. मीही चालायला लागायचो, म्हणजे बसलेला असलो तरी. शाळेत खिळा ठोकायचा असला आणि कोणी सापडलं नाही, तर बाई पदर खोचून स्वतः स्टुलावर चढायच्या. शेवंता, म्हणजे आमची शिपाईण, खाली स्टूल धरायची. त्या दोघींना मी कायम असंच बघितलं. एक वर, एक खाली, आणि काहीतरी ठोकणं चाललेलं.

तर एकदा बाईंच्या नावाने परदेशातून पुठ्ठ्याची लांब नळी आली. पाठवणारी फिलोमिना, त्यांची जुनी विद्यार्थिनी. नर्स होऊन इटलीत गेली होती. नळीत जाड कागदावर छापलेली दहा-बारा चित्रं. छपाई अशी की कागदाला हात लावायची भीती वाटावी. बाईंनी मला ऑफिसात बोलावलं आणि चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवायला लावले.

“सर, ही सगळी बायकांनी काढलेली आहेत. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी.”

मी रीतसर कोर्स केलेला माणूस. सतराव्या शतकातले युरोपातले चित्रकार मला तोंडपाठ होते. त्यांत एकही बाई नव्हती. मी तसं बोलून दाखवलं.

“मग आता पाठ करा,” बाई म्हणाल्या.

त्या काळच्या चित्रांची एक तऱ्हा असते. मागे सगळा काळोख, आणि एका बाजूने दिवा धरल्यासारखा उजेड, नेमका चेहऱ्यावर आणि हातांवर. एका चित्रात थाळीभर मासळी होती आणि तिच्यावर टपलेलं मांजर. एकात फुलदाणी, आणि पानावर सुरवंट इतका खरा की शेवंताने तो झटकायला फडकं उचललं. एकात एक चित्रकार बाई स्वतःचंच चित्र काढत बसलेली. आणि सगळ्यांत खाली ते एक. पलंगावर एक दांडगा, काळ्या दाढीचा पुरुष उताणा पडलाय. एक बाई बाह्या सारून, त्याचे केस मुठीत धरून, तलवारीने त्याची मान कापतेय. दुसरी, तिची दासी, त्याला वरून दाबून धरतेय. पांढऱ्या चादरीवर रक्ताचे ओघळ.

मी दोन पावलं मागे सरकलो.

“बायबलातली गोष्ट आहे,” बाई म्हणाल्या. “शहराला वेढा पडला होता. सगळे पुरुष हात टेकून बसले. तेव्हा ही विधवा शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत गेली.” मग बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. “हात बघा, सर. शूर दिसायची धडपड नाही. काम उरकतेय.”

दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी बाई नववी-दहावीच्या मुलींना ती चित्रं दाखवायच्या. एकेक हातात घेऊन, पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत. शाळेत त्यांना ‘बाईंची चित्रं’ असंच नाव पडलं. ‘सर, बाईंची चित्रं ठेवून देऊ का?’ शेवंता विचारायची. ‘बाईंची चित्रं कुठायत?’ मुली विचारायच्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे काही केलं, ते यामुळे केलं.

आता नाना. नाना आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मिठागरांचे मालक, अंगाने भरलेले, काळीभोर दाढी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हातून पैसा सुटणं म्हणजे खडकातून पाणी. शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती. मुली सकाळपासून पाणी पीत नसत. बाई त्यासाठी वर्षानुवर्षं नानांच्या मागे होत्या. प्रत्येक सभेत तोच विषय, आणि प्रत्येक सभेत नानांचं तेच उत्तर. पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष बाईंना मिळालं नाही. दिवाळीनंतर कावीळ झाली. ‘दोन दिवसांत येते’ म्हणून घरी गेल्या आणि पंधरवड्यात आटोपलं सगळं. मूलबाळ नव्हतं. मागे राहिले त्यांचे यजमान, भाऊ राऊत. वसईतल्याच होळी नावाच्या भागात त्यांची केळीची वाडी. अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस, नमस्कार करतानासुद्धा आपण मध्ये येतोय असं वाटून बाजूला सरणारा. शाळेच्या व्हरांड्यात पोरं धावायला लागली. कोणी थांबवत नव्हतं. तरी धावून धावून तीच कंटाळली आणि आपोआप चालायला लागली. तो आवाज मला अजून आठवतो. म्हणजे आवाज नसलेला.

शोकसभेच्या आधी नानांनी मला घरी बोलावलं.

“देसाई, पुढच्या रविवारी सभा हाय. बाईंचं चित्र पायजे. मोठं. चांगल्या फ्रेमीत. हॉलमदी कायमचं लावायचं.”

माझा ऊर भरून आला. ज्या माणसाने त्या चित्रांना ‘परदेशी रद्दी’ म्हटलं होतं, तोच आता त्यांतलं एक हॉलमध्ये लावा म्हणतोय. आता तुम्ही म्हणाल, देसाई, अरे तुला फोटो सुचला नाही? नाही सुचला. फोटो घरचे आणतात, टेबलावर उदबत्तीशेजारी ठेवतात. मला कोणी चित्र म्हटलं की चित्रच ऐकू येतं.

“कुठलं लावू, नाना?”

“ते तुमी बघा. तुमचं काम हाय ते. पन हात मांडीवर ठेवून बसलेलं, तसलं नको. काम करताना पायजे.”

“एक आहे तसं. हातात कुंचला घेऊन—”

“कुंचला कशाला? देसाई, बाई लढवय्या होत्या. माझ्याशीच किती लढल्या. लढतानाच पायजे.”

“लढताना,” मी म्हणालो. “आहे. तसंही एक आहे. पण त्यात सोबत कामवाली आहे.”

“शेवंता? असू दे. ती पन शाळेचीच हाय.”

मला वाटलं, नाना गमतीने म्हणतायत. ती दासी शेवंतासारखी दिसायची खरी.

“आणि खाली एक पुरुष आहे.”

“कोन?”

“आपल्यापैकी नाही. बाहेरचा.”

“मग त्याला कापून टाका,” नाना म्हणाले.

मी हसलो. मला काय वाटलं, नानांनी ते चित्र बघितलंय आणि त्यावर विनोद केलाय. शोकसभेच्या कामाला आलेला मास्तर दात काढतोय हे बघून नानांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, “एक लक्षात ठेवा. बघनारा गार पडला पायजे.”

“पडेल,” मी म्हणालो.

तरी माझ्या मनात धाकधूक होती. शोकसभा, रक्त, चादर. म्हटलं, भाऊंना विचारू. होळीला गेलो. भाऊ वाडीत केळींना पाणी लावत होते. मी जपून विषय काढला.

“भाऊ, बाईंच्या चित्रांपैकी त्यांना सगळ्यांत आवडायचं कुठलं?”

“दोघींचं,” भाऊ लगेच म्हणाले. “पलंगावरचं. घरी आणून दाखवलं होतं तिने. जेवायचं सोडून बघत बसली होती.”

“ते सभेला लावलं तर चालेल?”

“चालेल की. तिला बरं वाटेल.” एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. आळं भरून पाणी वाटेवर आलं, माझ्या चपला भिजल्या, तरी त्यांना पाट फिरवायचं सुचलं नाही. शेवटी मीच फावडं घेऊन पाणी वळवलं. नीट वळलं नाही, पण त्यांनी पुढे काही केलं नाही.

मग माझ्या मनात शंका उरली नाही. अध्यक्षांना लढणारी बाई हवी, यजमानांना दोघींचंच चित्र हवं. बाजारात एक फ्रेमवाला होता, त्याच्याकडे गेलो. दुकानभर देव, येशू, सिनेमातल्या नट्या आणि लग्नाची जोडपी. त्याने चित्र उलगडलं, बघितलं, आणि चष्मा पुसून परत बघितलं.

“पट्टी काळी का सोनेरी?”

“काळी. शोकसभेला लावायचंय.”

“अच्छा.” त्याने पलंगावरच्या माणसावर बोट ठेवलं. “ह्यांची का?”

देवाने मला दिलेली ही शेवटची संधी होती. मी त्याला चित्रकलेचा इतिहास समजावून सांगत बसलो.

रविवारी सकाळी हॉल भरला. गावातली मंडळी, पालक, कॉन्व्हेंटच्या दोन सिस्टर, पुढे जमिनीवर पाचवी-सहावीच्या मुली. चित्र मी पहाटेच टांगून वर जांभळं कापड सोडलं होतं, दोरी नानांच्या हाताशी. टेबलावर उदबत्ती होती, पण फोटो नव्हता. मला वाटलं, भाऊ विसरले असतील. भाऊ पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर, अर्धे बाहेर.

नाना चांगलं बोलले. खरंच चांगलं बोलले. म्हणाले, “बाई माझ्याशी भांडल्या, पन शाळेसाठी भांडल्या. आज त्या नायत. पन या चित्रातून त्या रोज आपल्याकडं बघत ऱ्हातील. पोरींनो, चित्र नीट बघा आनि बाईंसारख्या व्हा.”

आणि दोरी ओढली.

आधी काहीच झालं नाही.  मग पाचवीतली एक मुलगी किंचाळली. तिच्या शेजारची तिचं बघून किंचाळली. मागे कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. एका सिस्टरने छातीवर क्रूस केला आणि दुसरी, मी बघितलं, मान तिरकी करून चित्र नीट बघायला लागली.

मग कुजबूज सुरू झाली. मी कोपऱ्यात उभा, मला एकेक शब्द ऐकू येत होता.

“देसाई सरांनी काढलं?”

“दुसरं कोण काढणार?”

“ही तर बाईच. पदर खोचलेला बघा.”

“आणि ती शेवंता.”

“पण खाली कोण आहे?”

यानंतर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. अख्खा हॉल एकदम चित्राकडे बघायचा थांबला आणि नानांच्या दाढीकडे बघायला लागला.

नानांनीही चित्र बघितलं. मग स्वतःच्या दाढीला हात लावला. मग मला बोट दाखवून जवळ बोलावलं.

“देसाई. ह्यो कोन?”

“सेनापती आहे, नाना. शत्रू.”

“कोनाचा शत्रू?”

“बाईचा,” मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, मी चित्रातल्या बाईबद्दल बोलत होतो. नानांचा चेहरा त्या चादरीसारखा झाला. मी घाईघाईने सावरायला गेलो. “तुम्ही समजता तसं नाही. ही आपली बाई नाहीच. ही एक विधवा आहे—”

“बाई सवाष्ण गेल्या,” नाना म्हणाले, “त्यांचे यजमान समोर बसलेत, आनि तुमी विधवा टांगलीत?”

शेवंता पदराने डोळे पुसत पुढे आली. मला वाटलं ही तरी सांभाळून घेईल. “सर,” ती हळूच म्हणाली, “माझे दंड एवढे मोठे आहेत का?”

माझी नोकरी गेली हे मला दिसतच होतं. गावी परत जायची एसटीसुद्धा मी मनात पकडली होती. तेवढ्यात भाऊ उठले. त्या माणसाला चार लोकांत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलले.

“नाना, सरांना बोलू नका. मीच सांगितलं. तिचं आवडतं होतं हे.”

नाना काहीतरी म्हणायला लागले.

“ती लढवय्यी वगैरे नव्हती,” भाऊ म्हणाले. “मुताऱ्यांचं विचारून तुमच्याकडून आली की चूल पेटवायची नाही. रडत बसायची. मी म्हणायचो, सोड आता. तर म्हणायची, मुली पाणी पीत नाहीत हो. मग दुसऱ्या दिवशी पदर खोचून परत जायची.”

एवढंच बोलून ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. परत अर्धे बाहेर.

 नाना खाली बघत होते. शेवटी घसा साफ करून ते म्हणाले, “ते सगळं ठीक. पन मला बाईंचं चित्र पायजे होतं. त्यांचं सोताचं. तोंड दिसेल असं. फोटोवरून रंगवाल असं धरून सांगितलं होतं मी.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोही त्या चित्रांतल्यासारखा, एकाच बाजूने.

“फोटो नाही,” भाऊ म्हणाले.

खरंच नव्हता. लग्नातल्या फोटोला वाळवी लागलेली. शाळेत दर वर्षी फोटो काढायचे, ते सगळे काढून बघितले. एकात बाई वाकून कुठल्या तरी पोराची कॉलर नीट करतायत. एकात मागे वळून कोण बोलतंय ते बघतायत. बाकीच्यांत त्या हलल्या होत्या. प्रत्येक फोटोत मध्ये खुर्ची, आणि खुर्चीवर पांढरं धुकं. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या बाईचा चेहरा शाळेत कुठेच नव्हता.

“तुमी चित्रकलेचे ना?” नाना मला म्हणाले. “मग काढा.”

ते दोघींचं चित्र ऑफिसात कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं गेलं, आणि मी दर रविवारी कागद घेऊन होळीला जायला लागलो. भाऊ सांगणार, मी काढणार, असं ठरलं.

“नाक कसं होतं, भाऊ?”

“नाक,” भाऊ विचार करायचे. “चांगलं होतं.”

“सरळ? बसकं?”

“तसं नाही सांगता येणार.”

पहिला रविवार असा गेला. दुसराही. तिसऱ्या रविवारी भाऊंनी कागद माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला. “सर, खरं सांगू? मला तिचा चेहरा आठवत नाही. आवाज येतो. भांडी घासताना हात दिसतात. घरात चालली की कुठल्या खोलीत आहे ते कळायचं, ते अजून कळल्यासारखं होतं. पण चेहरा म्हटलं की काही येतच नाही. रोज समोर जेवायला बसायची हो. मी काय बघत होतो कोण जाणे.”

 मी तर बाईंच्या तोंडाकडे भीतीने कधी बघितलंच नव्हतं. मला त्यांच्या चपला पाठ होत्या. चपला मी हुबेहूब काढल्या असत्या.

शाळेत विचारलं, तर प्रत्येकाच्या बाई निराळ्या. शेवंता म्हणे गोल चेहरा, गणिताचे सर म्हणे उभट. एका मुलीने सांगितलं, बाई हसायच्या तेव्हा एका गालाला खळी पडायची. बाकी कोणी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं, त्यामुळे खात्री करता आली नाही.

तर मी ठरवलं, बाईंना शोभेल असं काढायचं. त्या जुन्या बायकांच्या पद्धतीने. मागे काळोख, एका बाजूने उजेड. खोलीवर बल्ब एका अंगाला टांगला. उजेड नाकावर कसा पडतो, हनुवटीखाली सावली कशी येते, हे कळायला समोर कोणीतरी बसायला हवं. माझ्यासमोर कोण बसणार? दाढीचा आरसा होता, तो भिंतीला टेकवला. आरशात बघायचं, सावली समजून घ्यायची, कॅनव्हासवर बाई काढायच्या. महिनाभर शाळेतून आलो की हेच. जेवणखाण सुचत नव्हतं. मला मनापासून वाटत होतं की माझ्या हातून काहीतरी मोठं होतंय.

चित्र लावलं तेव्हा या खेपेला सभा नव्हती, पडदा नव्हता. नाना आले, बघितलं, म्हणाले, “हां. आता कसं.” नाना दाढी काढून आले होते. शोकसभेनंतर आठवड्यातच काढली होती. गावात म्हणे लोक त्यांच्या मानेकडे बघायचे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेमागे विटा येऊन पडल्या. जून उजाडला तेव्हा मुलींच्या मुताऱ्या तयार होत्या, दारांना कड्या, आत नळ. कोणी फीत कापली नाही. पहिल्या दिवशी शेवंता एकटीच दाराशी उभी राहून रडली. मला कायम केल्याचंही त्याच सुमारास कळलं. माझ्या चित्राबद्दल कोणी वाईट बोललं नाही. चांगलंही फारसं बोललं नाही, पण मी म्हटलं, गेलेल्या माणसाचं चित्र आहे, लोक गप्प होणारच.

भाऊ मात्र दर शनिवारी यायचे. वाडीतल्या फुलांचा हार स्वतः करून आणायचे. स्टुलावर चढून घालायचे, खाली उतरून हात जोडायचे, जरा वेळ बघत राहायचे आणि निघून जायचे. मी लांबून बघायचो. माझ्या चित्रासमोर एक माणूस आपल्या बायकोशी मनातल्या मनात बोलतोय. चित्रकलेच्या मास्तरला आयुष्यात आणखी काय हवं असतं?

पावसाळा असाच गेला. मग एका शनिवारी मला राहवलं नाही. भाऊ हार घालून उतरले, तसा मी पुढे गेलो.

“भाऊ, आता चेहरा आठवतो ना?”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग परत माझ्याकडे. त्या माणसाला शब्द सापडेपर्यंत घाम फुटायचा.

“सर, रागावणार नसाल तर सांगतो. हे चित्र तिचं नाही. तुमचं आहे.”

मी विनयाने मान खाली घातली. “हो, काढलंय मीच. पण तुमच्या मदतीशिवाय—”

“तसं नव्हे,” भाऊ म्हणाले. “नाक तुमचं आहे. हनुवटी तुमची. डोळ्यांखालचं हे सुद्धा. नुसतं पातळ तिचं आहे.” मग त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही एवढं मनापासून केलंत, कसं बोलायचं? तेव्हापासून मी दर शनिवारी येऊन तुम्हालाच हार घालतोय.”

मी वर बघितलं. आरशात महिनाभर जो बघितला होता, तोच माणूस, कपाळाला कुंकू लावून, अबोलीचा हार घालून माझ्याकडे बघत होता.

त्या दिवशी भाऊ कपाटामागचं दोघींचं चित्र मागून घेऊन गेले. बाईंचंच होतं ते, कोण नाही म्हणणार? घरी ओसरीवर लावलं. त्या बाईचे हात तरी तिच्यासारखे आहेत, म्हणाले. हार लांब असायचा, त्यामुळे पलंगावरच्या त्या माणसालाही अधूनमधून फुलं मिळायची.

आणि माझं चित्र शाळेने मला सन्मानाने परत केलं. टाकवत नाही, आणि ठेवायलाही दुसरी जागा नाही. बाहेरच्या खोलीतच आहे. नवीन पाहुणे येतात, त्याच्यासमोर उभं राहून हात जोडतात, मग माझ्याकडे वळून म्हणतात, “अगदी आईवर गेलात हो.”